लिहिणाऱ्याने वाचावं कसं: कथालेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मराठीत कथा लिहिणाऱ्यांसाठी आहेत. कादंबरी किंवा ललित लिहिणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल. वही, शिसपेन्सिल आणि स्वतःचा एक अर्धामुर्धा मसुदा तुमच्याजवळ आहे असं आम्ही धरून चाललो आहोत. मसुदा नसेल तर आधी चार पानं कशीही लिहून काढा आणि मग पुढे वाचा, कारण काय वाचायचं आणि कशासाठी वाचायचं हे तो मसुदाच ठरवतो.

हेतू ठेवून वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मसुदा जिथे अडला आहे ती जागा शोधायची, अडचण एका प्रश्नात लिहायची आणि तो प्रश्न घेऊन दुसऱ्याची कथा उघडायची.

प्रश्न मात्र बोट ठेवून उत्तर दाखवता येईल असा हवा. "चांगली कथा कशी लिहितात?" याचं उत्तर कुठल्याच पानावर सापडत नाही. "नायिकेला घर सोडून बारा वर्षं झाली, हे सांगायला या लेखकाला किती वाक्यं लागली आणि ती कितव्या परिच्छेदात आली?" याचं उत्तर सापडतं. पेन्सिलीने खूण करता येते, मोजता येतं आणि तीच गोष्ट आपल्या मसुद्यात करून बघता येते.

बहुतेक मसुदे चार-पाच ठिकाणीच अडतात. सुरुवात लांबलेली असते. सगळी पात्रं एकाच आवाजात बोलत असतात. मागची हकिगत एकदम ओतलेली असते. मधल्या भागात काही घडत नाही. शेवटी लेखक स्वतः पुढे येऊन समजावून सांगतो. यातलं आपलं दुखणं कोणतं ते ठरवा आणि एका वेळी एकच घ्या. तीन प्रश्न घेऊन बसलं की पान भरून खुणा होतात आणि हाती काही लागत नाही.

असं चिरफाड करत वाचलं तर वाचनाचा आनंद जात नाही का?

पहिल्या वाचनातच पेन्सिल हातात घेतली तर जातो, म्हणून पहिलं वाचन वाचकासारखंच करायचं. सलग, एका बैठकीत, काहीही न लिहिता. वाचून झालं की पुस्तक मिटून दोनच गोष्टी टिपा: कोणत्या जागी आत काही हललं आणि कोणत्या जागी लक्ष उडालं. या दोन जागा ठाऊक नसतील तर दुसऱ्या वाचनात काय शोधायचं तेच कळत नाही. ज्या कथेने तुम्हाला काहीच केलं नाही, तिची कारागिरी तपासून फारसं मिळणार नाही.

एका कथेसाठी पायऱ्या आणि वेळ सांगाल का?

सुमारे तीन हजार शब्दांची कथा घेतली तर एकूण तीन-साडेतीन तास लागतात. एका दिवसात उरकू नका, चार दिवसांत विभागा.

पहिल्या दिवशी सलग वाचन. वीस मिनिटं पुरतात.

दुसऱ्या दिवशी आपला एक प्रश्न वहीच्या डोक्यावर लिहून पेन्सिलीने वाचन, पाऊण तास. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर त्यावर खूण करू नका. पानांची झेरॉक्स काढा किंवा चिकटचिठ्ठ्या लावा.

तिसऱ्या दिवशी उलटा आराखडा. लिहून झालेल्या कथेतून तिचा आराखडा परत मिळवायचा. प्रत्येक परिच्छेदाला अनुक्रमांक द्या आणि त्यापुढे दोन रकान्यांत दोन छोट्या नोंदी करा: डावीकडे काय घडतं, आणि उजवीकडे हा परिच्छेद कथेसाठी काय काम करतो. "सून विहिरीवर जाते" हे घडणं झालं. "सासू एकटी घरात आहे हे आपल्याला कळतं" हे काम झालं. पहिली नोंद सोपी असते, दुसरीला डोकं लागतं. या दिवसाला तास-सव्वा तास द्या. आराखडा पूर्ण झाला की उजवीकडचा रकाना एकदा वरून खाली वाचून काढा. लेखकाने माहिती कोणत्या क्रमाने दिली आणि काय मागे ठेवलं ते तिथे उघडं पडतं.

चौथा दिवस आपल्या मसुद्याचा, किमान एक तास. हा दिवस चुकला तर आधीचे तिन्ही दिवस वाया गेले असं समजा. सगळ्यात जास्त गळती इथेच होते. आराखडा काढून झाल्यावर बरंच काम केल्याचं समाधान मिळतं आणि माणूस लगेच दुसरी कथा उघडतो.

माझी कथा पहिली दोन-तीन पानं हलतच नाही. वाचनातून यावर उपाय मिळेल?

मिळेल, आणि तो बहुतेक वेळा क्रियापदात असतो. मराठीत नेहमीचं आणि एकदाच घडलेलं यांतला फरक क्रियापदाचं रूपच सांगून टाकतं. हा उतारा बघा, या उत्तरासाठीच लिहिला आहे:

"आबा रोज पहाटे गोठ्यात जात. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, वैरण टाकत, मग विडी पेटवून उंबऱ्यावर बसत. त्या दिवशी वैरण टाकली नाही. दावं हातात घेऊन नुसते उभे राहिले."

जात, फिरवत, टाकत, बसत हा रीतिभूतकाळ आहे. घर, माणूस आणि त्याची सवय बसवून द्यायला तो चांगला, पण त्यात काही घडत नाही. "टाकली नाही" आलं की साधा भूतकाळ सुरू होतो आणि त्याच वाक्यात प्रसंगही सुरू होतो. आणखी एक गोष्ट बघा. म्हैस विकली किंवा मेली, असं कुठेच म्हटलेलं नाही. आधी टाकली जाणारी वैरण टाकली नाही आणि हातात दावं आहे, एवढ्यावर वाचक गोठा रिकामा करून घेतो. पहिल्या दोन वाक्यांतली सवय नसती तर तिसऱ्या वाक्यातल्या नकाराला वजन आलं नसतं.

आता आवडत्या लेखकाच्या कथेची पहिली तीन पानं घ्या. "जाई, बसे", "जात असे", "जायचा, बसायचा" अशा सगळ्या रूपांभोवती गोल काढा आणि साध्या भूतकाळातल्या घटनांखाली रेघ मारा. गोल संपून रेघा कुठे सुरू होतात ते बघा. मग हेच स्वतःच्या मसुद्यावर करा. न हलणाऱ्या कथांत तीन-तीन पानं "यायचा, असायचा, म्हणायची" चाललेलं असतं आणि पहिली रेघ चौथ्या पानावर येते. उपाय म्हणजे ती रेघ उचलून पहिल्या पानावर आणायची आणि सवयी तिच्या आजूबाजूला दोन-दोन वाक्यांत पेरायच्या.

तिन्ही रूपांची चव वेगळी आहे, तीही वाचताना टिपा. "जाई, बसे" यात जुन्या गोष्टीचा सूर येतो. "जात असे" संथ आणि थोडं औपचारिक. "जायचा" बोलण्यातलं, आजच्या कथेत बहुधा हेच दिसेल. एकाच परिच्छेदात तिन्ही मिसळली की कारण न कळताही वाचकाला ठेच लागते.

वर्तमानकाळात कथा सांगणाऱ्यांसाठी एक इशारा. "आबा गोठ्यात जातात" हे मराठीत रोजचंही असतं आणि आत्ताचंही. म्हणून वर्तमानकाळात लिहिणारे चांगले लेखक "आज", "आता", "तेवढ्यात" असे शब्द कुठे ठेवतात ते मुद्दाम शोधा.

सगळी पात्रं सारखीच बोलतात. संवाद सुधारायला काय वाचू?

काय वाचावं यापेक्षा इथे कसं वाचावं याला जास्त महत्त्व आहे. संवादांची दोन पानं निवडा. "तो म्हणाला", "ती उत्तरली" यावर कागदाची पट्टी ठेवा आणि कोण बोलतंय ते ओळखता येतं का बघा. येत असेल तर कशावरून आलं ते समासात लिहा.

मराठीत ओळखीच्या खुणा पुष्कळ आहेत आणि नवे लेखक त्या वापरतच नाहीत. हे चार संवाद बघा:

"चहा ठेवलाय."
"अहो, मी आत्ताच पिऊन आले."
"परत घ्या."
"घ्या? कधीपासून?"

एकदाही "म्हणाला" नाही. "आले" वरून बोलणारी बाई आहे हे कळलं. "अहो" वरून समोरचा बहुधा नवरा. त्याने "घे" म्हणायच्या जागी "घ्या" म्हटलं आणि तिने तेवढंच पकडलं. घरात काहीतरी बिनसलं आहे हे सांगायला "तो तुटकपणे म्हणाला" याची गरज उरली नाही. तू, तुम्ही, आपण यांतला बदल म्हणजे मराठी कथेत एक घटनाच असते. वाचताना असा प्रत्येक बदल गोल करा.

एक अडचण लक्षात ठेवा. "मी आले, मी जातो" यात बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष ते कळतं, पण "मी खाल्लं, मी सांगितलं" यात कळत नाही, कारण तिथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे चालत नाही. अशा वाक्यांच्या आसपास लेखक एखादी हाक किंवा नातं पेरतो, नाहीतर हातातलं काम दाखवतो. ते कुठे आणि किती आधी पेरलं आहे ते मोजा. आणि कोल्हापूरकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात. तिथली कथा लिहिणार असाल तर ही खूण आपोआप रद्द होते.

बोली किती वापरावी?

दहा संवाद उतरवून घ्या, प्रत्येकाखाली तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहा आणि बदललेल्या शब्दांखाली रेघ मारा. कसलेल्या लेखकांकडे रेघा अपेक्षेपेक्षा कमी निघतील. त्या कुठे आहेत ते बघा: क्रियापदात, "नाही"च्या रूपात, प्रश्नवाचक शब्दात. "काय करून राहिला?" एवढ्यावर विदर्भ कळतो, "खंय चललंस?" म्हटलं की मालवण. मग उरलेलं वाक्य वाचकाला अडखळवत नेण्याची गरज नसते. आमचं मत असं, की एका वाक्यात बोलीची एक ठसठशीत खूण पुरते. वाक्यरचना आणि लय मात्र पूर्ण त्या बोलीची हवी. प्रमाण वाक्य लिहून त्यातले उच्चार बदलले की बोली होत नाही, आणि ज्याची ती बोली आहे त्याला हे पहिल्या ओळीत कळतं.

निवेदनाचं वेगळं ठरवावं लागतं. "केले, गेले, पाहिले" की "केलं, गेलं, पाहिलं"? दोन्ही चालतं, पण कथाभर एकच. तुमच्या आवडत्या कथा या बाबतीत किती काटेकोर आहेत ते तपासा.

कथा कोणी सांगायची हे वाचनातून कसं ठरवायचं?

निवेदकाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याची यादी करत वाचा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या कामाला फार उपयोगी आहे. सांगणारा तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीत बाहेरून आलेला आहे. त्याला तिथलं काही माहीत नाही, म्हणून त्याला विचारावं लागतं, बघावं लागतं, चुकावं लागतं, आणि वाचकाला गावाची ओळख त्याच्यासोबतच होते. माहिती ओतावीच लागत नाही. तुमच्या मसुद्यात मागची हकिगत एकदम ओतली गेली असेल तर तुमचा निवेदक गरजेपेक्षा जास्त जाणता नाही ना, हे इथे तपासता येईल.

सांगण्याचा प्रसंग काय, हेही विचारा. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो आणि प्रत्येक प्रकरणाला 'रात्र' म्हटलं आहे. समोर ऐकणारे बसले आहेत म्हणून त्या भाषेला थेट बोलण्याचा सूर मिळतो. उलट भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग "वगैरे" आणि "उदाहरणार्थ" हे शब्द इतके वापरतो की त्या सवयीतच त्याचा स्वभाव उतरतो. ते शब्द कुठे येतात आणि कुठे येत नाहीत, असं दोन प्रकरणं तपासून बघा. स्वतःच्या कथेत मात्र तेच शब्द आणू नका. अनेकांनी ते केलं आहे आणि वाचक लगेच ओळखतात.

दुसऱ्याचा मजकूर हाताने उतरवून काढण्याचा फायदा होतो का?

होतो, पण थोडाच उतरवा: दीडशे ते तीनशे शब्द. एखादं पूर्ण वाक्य वाचायचं, पुस्तकाकडे न बघता लिहायचं, मग ताडून बघायचं. जिथे तुमच्या हातून वेगळा शब्द पडला तिथे तुमची सवय आणि त्या लेखकाची निवड समोरासमोर येतात. या फरकांची यादी म्हणजे या व्यायामाचं सगळं फळ. नुसतं बघून पानंच्या पानं उतरवली तर हात दुखतो, दुसरं काही होत नाही.

पुढची पायरी म्हणजे त्याच वाक्यांच्या सांगाड्यावर स्वतःचा विषय बसवणं. मूळ परिच्छेदात आधी एक लांब वाक्य, मग दोन आखूड, मग एक प्रश्न असेल तर तुमच्यातही तसंच. हा सराव वहीतच राहू द्या. त्यातला एकही परिच्छेद तसाच छापायला पाठवू नका.

प्रभाव आणि चोरी यांची सीमा कुठे?

काळ कसा बदलला, माहिती किती उशिरा दिली, कथा कोणाच्या तोंडून सांगितली या रीती सगळ्यांच्या आहेत. वाक्यं, प्रतिमा, एखाद्या कथेचीच घटनांची साखळी आणि तिचा खास शेवट हे त्या लेखकाचं आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. पण हक्क संपला म्हणून दुसऱ्याची वाक्यं आपल्या नावावर घालता येत नाहीत.

चोरीपेक्षा जास्त वेळा होतो तो नकळत पडलेला प्रभाव. एकाच लेखकाची चार पुस्तकं ओळीने वाचली की पाचव्या दिवशी आपली वाक्यं त्याच्या चालीवर पडू लागतात. मसुदा चालू असताना एकाच प्रश्नासाठी तीन वेगळ्या लेखकांकडे जा, शक्य तर तीन वेगळ्या काळांतल्या. तिघांनी एकच अडचण तीन तऱ्हांनी सोडवलेली दिसली की चौथी तऱ्हा सुचायला जागा होते. एकट्याकडे गेलात तर त्याचीच तऱ्हा घेऊन परत याल.

वहीत काय लिहावं? माझ्या वह्या सुविचारांनी भरल्यात.

आवडलेली वाक्यं जमवणं आणि हे काम, या दोन वेगळ्या वह्या ठेवा. कामाच्या वहीत चार रकाने आखा: पान, काय केलं, कशाने साधलं, माझ्या मसुद्यात कुठे. एक नोंद अशी दिसेल: "पान १४. बापाचा मृत्यू एका अर्ध्या वाक्यात सांगितला. त्याआधी अर्धं पान त्याच्या चपलांवर आहे, म्हणून अर्धं वाक्य पुरलं. माझ्या मसुद्यात पान ३, आजीचं जाणं: मृत्यूचं वर्णन काढायचं, तिच्या बटव्याचा तपशील आधी आणायचा."

चौथा रकाना रिकामा राहत असेल तर ती नोंद खोडून टाका. आठवड्याला अशा तीन भरलेल्या नोंदी म्हणजे उत्तम काम. तीस नोंदी झाल्या तर तुम्ही प्रश्न न ठरवता वाचत आहात.

कथा मिळवायच्या कुठून?

दिवाळी अंक हा मराठी कथालेखकाचा हक्काचा ठेवा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. एका अंकात सहा-आठ लेखक एकत्र भेटतात, त्यामुळे "सुरुवात कशी केली आहे?" असा प्रश्न घेऊन सगळ्या कथांचे फक्त पहिले दोनशे शब्द एका बैठकीत तपासता येतात. पहिलं नाव, पहिलं ठिकाण, पहिली कुरबुर कितव्या वाक्यात येते ते मोजा. तुमचा मसुदा तुम्ही ज्या अंकाकडे पाठवणार आहात, त्याचे मागचे तीन अंक तरी असे वाचलेले असावेत. संपादकाला कोणत्या लांबीची आणि कोणत्या जातीची कथा चालते हे तिथे दिसतं. साभार परत येणाऱ्या कित्येक कथा वाईट नसतात, चुकीच्या दारात गेलेल्या असतात.

जुने अंक आणि संग्रह जुन्या ग्रंथालयांत मिळतात: पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८). तालुक्याच्या गावच्या वाचनालयातही बांधीव अंक कपाटात पडून असतात, ग्रंथपालांना विचारावं लागतं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मोफत वाचता येतात.

कथेखेरीज काय वाचावं?

ज्या जगाबद्दल लिहिताय त्याची कामाची भाषा. १९१५ सालचं त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे पुस्तक बलुतेदार, वतनं, जत्रा, शेती यांच्या शब्दांनी इतकं भरलेलं आहे की जुन्या गावाची कथा लिहिणाऱ्याने ते न वाचणं म्हणजे नुकसान करून घेणं. सोबत दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' ठेवा, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. या कोशांत एखादा शब्द बघायला जा आणि त्याच पानावरचे पाच शेजारी वाचून या. दाव्याच्या शेजारी आणखी काय सापडतं ते बघाच.

एक गोष्ट मात्र बिघडते. शब्द सापडला की तो कुठेतरी बसवायचा मोह होतो. ज्या पात्राच्या हातात ती वस्तू नाही त्याच्या तोंडी तो शब्द घालू नका.

इंग्रजी कथा जास्त वाचते. त्याने मराठी बिघडते का?

रचना, काळाची हाताळणी, शेवट हे कुठल्याही भाषेतून शिकता येतं. वाक्य मात्र मराठीतूनच शिकावं लागतं. इंग्रजी वाचनाचा ठसा मसुद्यात कुठे दिसतो त्याच्या खुणा सांगतो: "त्याने आपले खांदे उडवले", "तिने एक खोल श्वास घेतला", प्रत्येक नामाआधी "एक", आणि वाक्याच्या पोटात "जो की", "ज्यामुळे" असे लांब पोटवाक्यांचे डबे. आपल्याकडे माणूस खांदे क्वचितच उडवतो. मान वळवतो, पदर सारखा करतो, तंबाखू मळतो, विषय बदलतो. पंधरा दिवस दररोज पंधरा मिनिटं लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'सारखं बोलत गेलेलं गद्य मोठ्याने वाचा. कान परत जागेवर येतो. अभंग आणि ओव्याही मोठ्याने वाचा. कमी शब्दांत वाक्य कसं संपवायचं हे तिथे ऐकू येतं.

मी परदेशात राहतो. माझी मराठी निघालो त्या वर्षाची राहिली आहे.

मग त्या वर्षाच्या मराठीत त्या काळची कथा लिहा, तिथे तुमचा कान पक्का आहे. आजची कथा लिहायची असेल तर चालू दिवाळी अंकांतले संवाद वाचा आणि तुम्हाला अनोळखी वाटलेलं प्रत्येक वाक्य टिपा. मुलाखतींच्या आणि गप्पांच्या मराठी ध्वनिफिती ऐकताना दोन-दोन मिनिटांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून काढण्याचाही फार उपयोग होतो.

मोबाइलवर किंवा ऑडिओबुक ऐकून चालेल?

संवाद आणि लय यासाठी ऐकणं उत्तमच. उलटा आराखडा मात्र ऐकून होत नाही, मागे-पुढे बघावं लागतं. मोबाइलवर परिच्छेदांची लांबी डोळ्याला कळत नाही, तेव्हा तपासायची कथा कागदावर घ्या.

फसलेल्या कथा वाचाव्यात का?

महिन्यातून एक तरी. चांगल्या कथेत सांधे दिसत नाहीत, फसलेल्यात दिसतात. लक्ष जिथे उडालं त्या वाक्यापासून मागे जा आणि कारण एका ओळीत लिहा: "कळलेलंच पुन्हा सांगितलं", "दोन पात्रांची नावं सारखी", "प्रसंग सुरू होताच आठवणीत शिरला". मग तीच ओळ हातात धरून स्वतःचा मसुदा वाचा. सोबत लिहिणारी दोन-तीन माणसं असतील तर एकमेकांचे मसुदे असेच वाचा. "आवडली, पण काहीतरी कमी आहे" याऐवजी पान आणि ओळ सांगायची, एवढा एकच नियम ठेवा.

शेवट जमत नाही. तपासायला काय करू?

आवडत्या पाच कथांचा शेवटचा परिच्छेद कागदाने झाका आणि आधीच्या वाक्यावर कथा संपली असती तर काय हरवलं असतं ते लिहा. मग स्वतःच्या मसुद्याचा शेवटचा परिच्छेद झाका. बरेचदा काहीच हरवत नाही, तेव्हा तो काढून टाका. तरीही कथा संपल्यासारखी वाटली नाही तर शेवटात हात घालू नका. उलट्या आराखड्यात मागे जाऊन बघा, शेवटाला लागणारी वस्तू किंवा वाक्य कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात आलंच नसेल. वरच्या उताऱ्यात आबांच्या हातातलं दावं चालतं, कारण वैरण आधी आली आहे.

हे सगळं उपयोगी पडतंय हे कळणार कसं?

पहिला मसुदा तारीख टाकून बाजूला ठेवा, त्यावर लिहू नका. तीन महिन्यांनी, साधारण दहा-बारा कथा अशा वाचून झाल्यावर, त्याच कथेचा नवा मसुदा पहिल्याकडे न बघता लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवून मोजा: पहिली घटना कितव्या वाक्यात, "म्हणाला-म्हणाली" किती वेळा, मागची हकिगत किती ओळींत. आकडे बदलले नसतील तर वहीचा चौथा रकाना उघडून बघा, तिथली कामं राहिली असतील.